पूर ओसरल्यावर घर कोणीं बांधावें?

आपत्ति कोसळली म्हणजे मनुष्यास प्रथम देव आठवतो आणि ती ओसरली म्हणजे सरकार आठवतें. यांत विशेष गैर आहे असें नाहीं. परंतु चिखलानें भरलेलें गांव पुनः उभें करण्याचें काम नेमकें कोणाचें, सरकारनें कोठपर्यंत हात घालावा आणि घरधन्यावर काय सोडावें, हा प्रश्न सातारा-सांगलीकडील आमच्या वाचकांस आतां केवळ पुस्तकी राहिलेला नाहीं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे भूकंपानें कोयनानगर उद्ध्वस्त झालें. सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी २००५ सालीं सुमारें ५४ फुटांवर, २०१९ च्या ऑगस्टांत ५७ फुटांच्याही वर आणि २०२१ च्या जुलैंत पुनः सुमारें ५५ फुटांवर गेलें. धोक्याची पातळी मात्र ४५ फुटांची! सोळा वर्षांत जें तीनदां घडलें, त्यास अकल्पित म्हणण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं.

अशा वेळीं उदारमतवादाचे जुने ग्रंथ उघडणें कित्येकांस निष्ठुरपणाचें वाटेल. 'ज्याचें त्यानें पाहावें' एवढाच त्या मताचा अर्थ, असा समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु तो यथार्थ नव्हे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं १८५६ सालीं जन्मलेल्या आगरकरांच्या विचारांवर ज्या जॉन स्टुअर्ट मिलचा संस्कार झाला, त्या मिलनें आपल्या १८४८ च्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत एका मार्मिक प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. भूकंप, पूर, युद्ध यांनीं उजाड झालेले देश थोड्याच वर्षांत पूर्ववत् कसे होतात? त्याचें उत्तर असें, कीं देशांतील बहुतेक संपत्ति एरवींही सदैव खर्चत आणि नव्यानें उत्पन्न होत असते. माणसें, त्यांचें कसब आणि त्यांस तगविण्यापुरतें अन्न एवढें शिल्लक राहिलें, कीं बाकीचें तीं पुनः निर्माण करतात.

सांगलीची हळद हें याचें घरचेंच उदाहरण. हरिपूर व सांगलवाडी येथें जमिनींत खोल खणलेल्या पेवांत हळद सांठविण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची. २००५ च्या पुरानें त्यांतील पुष्कळ पेवें निकामी केलीं आणि व्यापाऱ्यांनीं गोदामें व शीतगृहें यांचा आश्रय केला. कोणता माल किती ओल सोसतो, कोणती वखार उंचावर आहे, उधारी कोणास द्यावी, हें ज्ञान पेठेंत हजार डोक्यांत विखुरलेलें असतें. तें एका कचेरींत गोळा करूं म्हटल्यानें गोळा होत नाहीं. उलट २०१९ च्या पुरांत मोफत धान्यासाठीं क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखालीं असावें, अशी अट सरकारी निर्णयांत घातली गेली आणि तिजवर सर्वत्र टीका झाली. लिहिणारे दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. पण कोठींतलें पीठ भिजावयास दोन दिवस लागत नाहींत, हें दुरून लिहिलेल्या नियमास दिसत नाहीं.

तर मग सरकारनें हात झटकून मोकळें व्हावें काय? मुळींच नव्हे. १६६६ सालीं लंडन शहर जळालें, तेव्हां रेन नांवाच्या विख्यात स्थपतीनें सरळ रुंद रस्त्यांच्या नव्या नगराचा सुंदर आराखडा राजापुढें ठेवला. तो अमलांत आला नाहीं. कारण प्रत्येक जळक्या जोत्याला कोणी तरी धनी होता. त्याऐवजीं १६६७ च्या कायद्यानें एवढेंच ठरविलें, कीं घरें विटांचीं किंवा दगडांचीं असावींत, भिंती अमुक जाडीच्या असाव्यात, आणि कांहीं गल्ल्या रुंद कराव्यात. शिवाय एक खास न्यायासन बसविण्यांत आलें. घरमालक व भाडेकरू यांपैकीं पुनः बांधण्याचा खर्च कोणीं किती सोसावा, याचा निवाडा तें झटपट करी. बांधलें मात्र ज्याचें त्यानें. स्पष्ट नियम, शीघ्र न्याय आणि घरधन्याची मोकळीक, हें त्रिकूट आमच्या मतें आजही अनुकरणीय आहे. गणपति पेठेसारख्या जुन्या बाजारांत भिंत मालकाची व माल भाडेकरूचा. दोघांचा तंटा वर्षानुवर्षें चालला, तर दुकान कोण उभें करणार?

आतां या मताची दुसरी बाजू, जी ऐकावयास तितकी गोड नाहीं. मिलच्याच शिकवणीप्रमाणें आपलें स्वातंत्र्य दुसऱ्याच्या अपायाशीं थांबतें. मी माझ्या जागेंत ओढा बुजविला, तर पाणी शेजाऱ्याच्या माजघरांत शिरतें; तेव्हां ती केवळ माझी जागा राहत नाहीं. निळ्या पूररेषेच्या आंत बांधकामास मनाई करणें हा म्हणून स्वातंत्र्यावरील घाला नव्हे, तें स्वातंत्र्याचें कुंपण आहे. परंतु रेषा सर्वांस सारखी हवी. धनिकाच्या इमारतीपाशीं ती वळावी आणि झोपडीवरून मात्र सरळ जावी, असें झालें तर कायद्याचें नांवच काय घ्यावयाचें? आणि गरीब मनुष्य नदीकांठीं राहतो तो हौसेनें नव्हे. तेथें भाडें त्याला परवडतें म्हणून. त्यास उठवावयाचें तर कामधंद्यापासून फार दूर नसलेली जागा व रास्त मोबदला आधीं त्याच्या हातीं पडला पाहिजे. नुसता 'येथून हला' हा हुकूम म्हणजे पुन्हा एक पूरच.

कोणी म्हणेल, हे सारे विचार परदेशांतले. तसें नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत पुराची गणना महाभयांत करून सांगितलें आहे, कीं नदीकांठच्या गांवांनीं पावसाळ्यांत पुराच्या मर्यादेपासून दूर राहावें, फळ्या, वेळू व नावा जवळ बाळगाव्यात, आणि वाहून जाणाऱ्यास वांचवावें. साधन असून जो धांवत नाहीं त्यास बारा पणांचा दंड! राजा आहे म्हणून गांवाचें कर्तव्य संपत नाहीं, हेंच तेथें गृहीत धरलें आहे.

आमच्या वाचकांचीं घरें बहुधा एकत्र कुटुंबाचीं. तेथें संकटसमयीं कर्ता पुरुष ओटीवर बसून हुकूम सोडतो. पण वर्षाचे गहूं कोणत्या डब्यांत, आजारी सासूबाईंचें औषध कोणत्या फडताळांत आणि दागिन्यांची पेटी कोठें, हें ठाऊक असतें घरांतल्या सुनेला. तिला न विचारतां सामान माळ्यावर चढविलें, तर नको तें वांचतें आणि हवें तें भिजतें. सरकार व नगर यांचें नातें याहून फारसें निराळें नाहीं. हीच गोष्ट प्रथम घरांतच शिकावी. ज्येष्ठ संपण्यापूर्वीं एका रात्रीं सर्वांनीं एकत्र बसून, सुनांलेकींस व भाडेकरूंस विचारून, पाणी ४० फुटांस लागतांच कोणीं काय उचलावें याची यादी करावी. धान्याचे डबे व दस्तऐवज यांची जागा तेव्हांच ठरवावी, आणि शेजारच्या एकट्या म्हातारीस कोण आणणार, तेंही त्याच यादींत लिहावें.