बेरीज उणे का जाते?

हॉस्टेलात स्ट्रॅटेजी गेम म्हटलं की पोरं हमखास एज ऑफ एम्पायर्स काढतात. गेम झकास आहे, वादच नाही. पण त्यातला गावकरी कधी 'नाही' म्हणत नाही. लाकूड तोड म्हटलं की मरेपर्यंत तोडतो. कुरकुर नाही, मोर्चा नाही. असली प्रजा आपल्या रेक्टर सरांच्याही नशिबात नाही!

म्हणून मला २००९ साली आलेला एम्पायर: टोटल वॉर जास्त आवडतो. तो १७०० सालापासून सुरू होतो, मराठे घेऊन खेळता येतं आणि प्रांत जिंकल्यावरच खरी डोकेदुखी सुरू होते. प्रत्येक प्रांताचा हिशेब मांडलेला असतो. कर जास्त, वजा. धर्म वेगळा, वजा. प्रांत नुकताच जिंकलेला, तर मोठं वजा, ते हळूहळू उतरतं. शहरात फौज बसवली की अधिक. बेरीज उणे गेली की आधी दंगा, मग बंड. आमच्या मजल्यावरचे महारथी एकच उपाय करतात: आणखी दोन पलटणी आत घाला. बेरीज शून्यावर आली की पुढच्या स्वारीला निघाले.

माझं भांडण या बेरजेशी आहे. फौजेचं 'अधिक' तक्रारीचं 'वजा' खाऊन टाकतं, हे गेममध्ये ठीक आहे. प्रत्यक्षात तक्रार तिथेच राहते आणि वर फौजेचा खर्च चढतो.

हा प्रयोग आपल्याच मुलखात सव्वीस वर्षं चालला. औरंगजेब १६८१ साली दख्खनेत उतरला. १६८६ला विजापूर घेतलं, १६८७ला गोवळकोंडा. १६८९ला संभाजी महाराजांची हत्या केली आणि त्याच वर्षी रायगडही घेतला. गेम असता तर इथे 'मराठे संपले' अशी पाटी आली असती. प्रत्यक्षात राजाराम महाराज जिंजीला पोचले आणि इकडे संताजी-धनाजींनी मोगलांना सळो की पळो केलं. १७०० साली, म्हणजे गेम सुरू होतो त्याच वर्षी, मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले, एप्रिलमध्ये बादशहाने सातारा घेतला. तरी ताराबाई लढतच राहिल्या. १७०७ला औरंगजेब अहमदनगरला मेला, दिल्ली परत बघितली नाही. एवढी अवाढव्य छावणी पोसायची कुणी? त्याच मुलखातल्या रयतेने. कंट्रोल सिस्टिमच्या तासाला जागे असणाऱ्यांना हा पॉझिटिव्ह फीडबॅक लगेच कळेल: फौज वाढली की ओरबाडणं वाढतं, ओरबाडणं वाढलं की बंड वाढतं, मग आणखी फौज.

हे शिवाजी महाराजांना आधीच कळलं होतं. चिपळूणकडच्या छावणीला त्यांनी १६७३ साली पाठवलेलं पत्र मिळवून वाचाच. दाणा, वैरण, लाकूड, भाजी जे लागेल ते विकत आणा, रयतेकडून ओढून घ्याल तर तिला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. फौज आपली असली तरी तिच्यामुळेच बेरीज उणे जाऊ शकते, हे गेम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

आता आपल्या लोकलच्या पट्ट्यात या. फाळणीनंतर सिंधहून आलेले लाखाच्या घरातले निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, बरॅकींत येऊन पडले. भाषा वेगळी, घरदार गेलेलं, हाताला काम नाही. गेमच्या हिशेबाने बंड ठरलेलंच. ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्याच जागी उल्हासनगर वसलं. अडचणी संपल्या असं कोण म्हणेल, कॅम्प नंबर एक ते पाच अजून त्याच नावाने चालतात. पण माणसांना छप्पर आणि धंदा करायला वाव मिळाला, आणि आज आपल्यातले अर्धे जण जीन्स तिथूनच आणतात.

उलट उदाहरण दोन स्टेशनं पुढचं. २० ऑगस्ट २०२४, बदलापूर. शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि हजारो माणसं रुळांवर उतरली. दहाएक तास लोकल बंद. नुकताच जिंकलेला प्रांत नव्हे, परका धर्म नव्हे; गेमने इथे धोका शून्य दाखवला असता. चीड गुन्ह्याची तर होतीच, पण पालकांची तक्रार नोंदवून घ्यायला लागलेल्या वेळाचीही होती. त्या दिरंगाईवर पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही ताशेरे ओढले. रूळ शेवटी लाठीमाराने मोकळे झाले. तक्रार वेळेवर लिहून घ्यायला मात्र एक पेन पुरलं असतं.

गेममध्ये आणखी एक गंमत आहे. विद्यापीठं बांधली की लोक सुधारणा मागू लागतात आणि बेरीज घसरते. म्हणून काही खेळाडू चक्क कॉलेजं पाडून टाकतात! आपल्या मॅनेजमेंटला हे कुणी सांगू नका.

आता हॉस्टेलबद्दल. मेसवरून कुरबूर झाली की आपल्याकडे नोटीस लागते आणि गेटवर एक वॉचमन वाढतो. तक्रार रजिस्टर आहे, मी पाहिलंय. त्यात नाव, खोली नंबर, तक्रार आणि सही एवढे रकाने आहेत. उत्तर काय दिलं आणि कोणत्या तारखेला, याला रकानाच नाही. पुढच्या सत्राचं रजिस्टर आखताना ते दोन रकाने घालावेत आणि भरलेलं पान दर सोमवारी मेसच्या दारावर लावावं, एवढीच माझी मागणी आहे. पट्टी आणि पेन्सिल मी देतो.