साधनवर्णनाची उपेक्षा

यंत्रबुद्धीच्या एजंटाला फाइल वाचण्याचे जे साधन, म्हणजे प्रचलित भाषेत जे टूल, सुपूर्द केले जाते, त्याचे वर्णन कसे लिहावे या प्रश्नाकडे ते साधन घडविणारी मंडळी बहुधा उपेक्षेने पाहतात. ही उपेक्षा केवळ आळसापोटी असती तर तिची दखल घेण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु अलीकडे तिला सिद्धान्ताचा पोशाख चढविण्यात येऊ लागला आहे, सबब तिचा परामर्श घेणे प्राप्त आहे.

पूर्वपक्ष असा की, आजचे भाषा-मॉडेल इतके व्युत्पन्न आहे की ‘रीड फाइल’ एवढे नाव कानी पडताच उरलेले सर्व ते ताडते. शिवाय वर्णनाचा शब्दन्‌शब्द दर विनंतीबरोबर मॉडेलकडे जात असल्याने त्याचे टोकन खर्ची पडतात. तेव्हा ‘फाइल वाचते’ एवढे दोन शब्द पुरेत.

यातील पहिला युक्तिवाद व्युत्पन्नता आणि माहिती यांची गल्लत करतो. मॉडेलने अशी साधने असंख्य पाहिलेली असतात, आणि नेमके तेच संकटाचे मूळ आहे. कारण त्या प्रत्येकाचा शिरस्ता निराळा. एक ओळींची गणती ० पासून करते, दुसरे १ पासून. एकाला संपूर्ण पाथ लागतो, दुसऱ्याला चालू फोल्डरपासूनचा. एक सारी फाइल हाती ठेवते, तर दुसरे पहिल्या २००० ओळी देऊन मुकाट्याने थांबते. पाथ चुकला तर निदान तक्रार उमटते व एजंट स्वतःला सावरतो. पण मुकाट्याने तोडलेल्या मजकुराविषयी कोण ओरडणार? एखाद्या लांबलचक करारनाम्यातील २००० ओळींनंतरचे कलम एजंटाच्या दृष्टीस पडलेलेच नसते, आणि तरीही ‘करारनाम्यात असे कलम नाही’ असा निर्वाळा तो निःशंकपणे देऊन मोकळा होतो.

ओपनएआयने जून २०२३ मध्ये प्रचारात आणलेली फंक्शन कॉलिंगची पद्धत घ्या, किंवा अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल घ्या. मॉडेलपुढे येते ते साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला द्यावयाच्या माहितीचा आराखडा. आतला कोड येत नाही. माणूस कोड उघडून पाहील, शेजाऱ्याला विचारील. एजंटाला सामान्यतः ती सवड नसते. म्हणून वर्णन हे साधनाला मागाहून चिकटविलेले लेबल नसून साधनाचेच अंग होय.

मराठी मजकुराच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष बोचते. ‘मर्यादा ४०००’ असे लिहिणाऱ्याने ४००० काय, हे सांगितलेले नसते. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘मराठी’ या शब्दात पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. मर्यादा बाइटांची असेल, तर इंग्रजी मजकुराची जवळजवळ ४००० अक्षरे येतात आणि मराठीची चिन्हे तेराशे-चौदाशेवर आटोपतात. त्यातही शेवटचे चिन्ह मध्येच तुटण्याचा संभव. शिवाय आपल्या छापखान्यांतून श्रीलिपीसारख्या जुन्या व्यवस्थांच्या फॉन्टांत जुळविलेल्या फाइली विपुल पडून आहेत. त्या उघडल्या असता विचित्र चिन्हांचा खच दिसतो, आणि साधनाने इशारा दिला नाही तर एजंट त्यातूनही काहीतरी अर्थ काढावयास बसतो.

टोकनांच्या खर्चाचा आक्षेप मात्र अर्धा मान्य करावा लागेल. ‘अत्यंत शक्तिशाली व बहुगुणी साधन’ असली भाटगिरी खुशाल छाटावी. तिच्यावाचून एजंटाचे काही अडत नाही. पण दोन नेमक्या वाक्यांची काटकसर करून दहा व्यर्थ फेऱ्यांचा खर्च ओढवून घेणे हा हिशेब कोणत्या जमाखर्चात बसतो?

मग लिहावे काय? माझा मसुदा असा: ‘संपूर्ण पाथ दिल्यास यूटीएफ-८ मजकुराची एक फाइल वाचते व ओळींना १ पासून क्रमांक देते. एका वेळी जास्तीत जास्त २००० ओळी देते. मजकूर शिल्लक राहिल्यास तसे स्पष्ट नमूद करून पुढील ओळीचा क्रमांक कळवते. फाइल रिकामी असल्यास तसे सांगते. फोल्डरचा पाथ किंवा अन्य संकेतनातील मजकूर आल्यास चूक कळवते. अनेक फाइलींत शब्द शोधण्यासाठी हे वापरू नये. त्यासाठी शोधाचे साधन वापरावे.’ यात अलंकार नाही, परंतु हद्द आहे, एकक आहे, आणि कोठे हे साधन वापरू नये हेही आहे. हा शेवटचा निषेध सर्वांत अधिक वगळला जातो. अर्थात साधन खरोखर तसे वागत असले पाहिजे. नपेक्षा हा मसुदा म्हणजे खोटी साक्ष.

हे काम मागाहून कोणा लेखनिकाकडे सोपवावे, असेही म्हणणारे आहेत. त्यांनी नोव्हेंबर १९७१ ची युनिक्सची पहिली नियमपुस्तिका पाहावी. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या खुद्द कर्त्यांच्या नावानेच ती निघाली, आणि आज्ञांच्या वर्णनांत ज्ञात दोषांसाठी ‘बग्ज’ असे स्वतंत्र शीर्षक त्यांनी राखले. आपल्या साधनाची उणीव कर्त्याइतकी दुसऱ्याला ठाऊक नसते.

तेव्हा साधनकर्त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, वर्णन कायम करण्यापूर्वी मर्यादेपेक्षा लांब अशी एक मराठी फाइल एजंटाच्या हाती द्यावी आणि तिच्या शेवटच्या परिच्छेदाविषयी त्याला प्रश्न विचारावा.