कूलरमधली बुरशी आणि घरातला खोकला



पाडवा झाला की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. विदर्भ-मराठवाड्यात त्यावाचून वैशाख निभत नाही. काही घरांत आता एसीही आला आहे. गारवा हवाच, त्याला कोण नाही म्हणेल? पण कूलर लावल्यापासून लेकराला रात्रीचा खोकला लागला, सासऱ्यांचा दमा उठला, तर दोष थंड पाण्याला देण्याआधी कूलरच्या ताट्या एकदा पाहा.

कुबट वास आला, काळे-हिरवे डाग दिसले, तर ती बुरशी समजावी. तुम्ही तिला ओळखता. द्राक्षावरची भुरी ही बुरशीच, भिजून काळा पडलेल्या कडब्यावरचीही बुरशीच. ओल मिळाली आणि खायला काडीकचरा, धूळ मिळाली की ती वाढते. कूलरच्या गवती ताट्यांत दोन्ही आयतेच असते. एसीत हवेतली वाफ थंड नळ्यांवर पाणी होऊन ठिबकते आणि जाळीवर धूळ बसते. बुरशीचे बीजकण सुटे दिसत नाहीत, पण पंखा ते रात्रभर घरात उडवतो.

सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. कुणाला शिंका येतात, नाक गळते, डोळे खाजतात. दमेकऱ्याला धाप लागते. क्वचित फुप्फुसालाच सूज येते. बुरसलेले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा असा आजार इंग्लंडात १९३२ साली डॉ. कॅम्पबेल यांनी नोंदवला. १९७० साली अमेरिकेत एका कचेरीतल्या वातानुकूलन यंत्रामुळे तसाच आजार झाल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले. त्यात काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, खोकला व धाप लागते, आणि माणूस त्या जागेपासून दूर गेला की उतार पडतो.

हीच खूण ध्यानात ठेवा. मूल मामाच्या गावी गेले की बरे आणि घरी आले की पुन्हा खोकला, असे होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता उपाय. बाजाराचा वार हाच कूलर धुण्याचा वार ठरवा. आधी प्लग काढा. टाकीतले सगळे पाणी ओता, टाकी घासा, कोरडी करा, मग ताजे पाणी भरा. डेंग्यूच्या डासांची पैदासही त्याने मोडते. सकाळी कूलर बंद करण्याआधी पंप थांबवून नुसता पंखा अर्धा तास चालवा, ताट्या सुकतात. ताट्या दर उन्हाळ्याला नव्या घाला. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ओल घरातच कोंडते. एसीची जाळी महिन्यातून दोनदा धुवा, पाणी जाण्याची नळी तुंबू देऊ नका.

बुरसलेल्या ताट्या अंगणात नेऊन, नाकातोंडाला फडके बांधून काढा. लेकरांना दूर ठेवा. ब्लीचिंग पावडरीत ॲसिड कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो.

आणि खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, वजन घटले किंवा बेडक्यात रक्त दिसले, तर कूलरवर ढकलून घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी फुकट होते. ताट्या बदलायला उद्याचा दिवस चालेल, या तपासणीला उशीर चालणार नाही.