खाजगी हात आणि शासनाचे कर्तव्य

विकसनशील देशांनी आपली आरोग्यव्यवस्था खाजगी क्षेत्राच्या साहाय्याने बळकट करावी, असा उपदेश हल्ली सर्वत्र ऐकू येतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही; परंतु त्याची खरी कसोटी आलापल्लीसारख्या ठिकाणी लागते. येथून भामरागड, एटापल्ली व सिरोंचा यांच्या वाटा फुटतात, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडच्या रुग्णाची वाट वर्षानुवर्षे अडत आली आहे.

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. रुग्णालय खाजगी असले तरी गरिबाच्या उपचाराचा भार शासनाने उचलावा, हा तिचा हेतू स्तुत्यच होय. परंतु खर्चाची हमी मिळाली म्हणून रुग्णालय अरण्यात चालत येत नाही. ते शहरातच राहते, आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी माडिया कुटुंबाला चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते.

अरण्यात जे खाजगी प्रयत्न आले, ते नफ्यासाठी आले नाहीत. १९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे रुग्णसेवा केली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत तेथील स्त्रियांनाच नवजात बालकांची घरी शुश्रूषा करावयास शिकविले. बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ साली केंद्र शासनाने ही पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. खाजगी प्रयत्नाने व्यवस्था बळकट होते ती अशी: जे सिद्ध झाले, ते शासनाने आपले मानले.

आता सुरजागडच्या लोहखाणीपाठोपाठ कंपनीचे रुग्णालयही हेडरीस आले आहे. त्याचे आम्ही स्वागत करतो. तथापि, २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांनी समाजकार्यास द्यावयाचे दोन टक्के हे नफ्याचे असतात. नफा घटला की तेही घटतात. खनिज एके दिवशी संपेल, हिवताप आणि बाळंतपणे संपणार नाहीत.

म्हणून २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीने निर्माण झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. तो निधी दानाचा नव्हे, खाणग्रस्तांच्या हक्काचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे, रुग्णवाहिका व आरोग्यसेवक यांवर त्याचा विनियोग व्हावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभांपुढे मांडला जावा. खाजगी साहाय्य शासनाने अवश्य घ्यावे. परंतु आपले कर्तव्य कोणाच्याही पदरी टाकू नये.