आरोग्यविचार : सांधा कोठें घालावा?

स्वादुपिंडाच्या शीर्षभागीं गांठ झाली असून ती कापून काढावी लागेल, असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं घरांतील मंडळींच्या तोंडचें पाणी पळतें. कापणें हेंच त्यांत अवघड, असा सर्वसामान्य समज आहे. परंतु खरी परीक्षा असते ती पुढील जोडणीची.

न्यूयॉर्कचे डॉ. व्हिपल यांनीं १९३५ सालीं जी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तींत स्वादुपिंडाचें शीर्ष, लहान आंतड्याचा आरंभीचा भाग व पित्तनलिकेचें टोंक काढून टाकितात. उरलेलें स्वादुपिंड पाचक रस स्रवतच राहतें. त्यास वाट करून दिली पाहिजे. पण हें इंद्रिय कित्येकदां लोण्यासारखें मऊ व त्यांतील नळी अगदीं बारीक असते. टांका घट्ट ओढावा तर मांस चिरतें, सैल ठेवावा तर रस झिरपतो. आणि त्या रसानें जवळची रक्तवाहिनी खाल्ली म्हणजे प्राणावरच बेततें.

हा सांधा आंतड्यास घालावा कीं जठरास? जठराच्या कैवाऱ्यांचें म्हणणें असें कीं, तें स्वादुपिंडाच्या पुढ्यांतच असतें, त्याची भिंत जाड असते, आणि हा रस जागृत करणारें आंतड्यांतील द्रव्य तेथें नसतें. दुसरा पक्ष म्हणतो, रसाची निसर्गानें नेमलेली वाट आंतड्याकडेच आहे.

चिठ्ठ्या टाकावयाच्या पद्धतीनें रोग्यांचे दोन गट करून या वादाची परीक्षा झाली आहे. बाल्टिमोर येथें १४५ रोग्यांत (१९९५) जठराकडे शेंकडा १२·३ व आंतड्याकडे ११·१ जणांस गळती झाली. म्हणजे भेद नाहींच. बेल्जममध्यें ३२९ रोग्यांत (२०१३) हेंच प्रमाण ८ व सुमारें २० आढळलें, तेव्हां जठराचा पक्ष जिंकलासें वाटलें. परंतु जर्मनींत ३२० रोग्यांत (२०१६) तें २० व २२ भरलें. शिवाय जठराच्या सांध्यांत किरकोळ व मध्यम रक्तस्राव अधिक झाला. गळती कशास म्हणावें याची व्याख्या सर्वत्र एक नसल्यामुळें एका देशाचा आंकडा दुसऱ्याशीं ताडूं नये, हेंही ध्यानांत ठेवावें.

तात्पर्य, दोहोंपैकीं एकच सांधा निर्धोक, असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. मात्र जेथें अशा शस्त्रक्रिया वारंवार होतात, तेथें मृत्यूचें प्रमाण कमी असतें, हें निश्चित. म्हणून प्रसंग आल्यास सांधा कोठला, यापेक्षां येथें वर्षाकाठीं अशा शस्त्रक्रिया किती होतात, आणि गळती झाल्यास रात्रीं-अपरात्रीं इलाजाची तरतूद काय, हे दोन प्रश्न वाचकांनीं निःसंकोच विचारावे. असे प्रश्न विचारणें म्हणजे अविश्वास नव्हे. आपल्या माणसाविषयींचें तें कर्तव्य होय.