लॅपटॉपचा बाण सैरावैरा पळतो तेव्हा

लॅपटॉप ही आता साहेबलोकांची वस्तू राहिलेली नाही. कुणी हप्त्यावर नवा घेतला, कुणी लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला आणला, कुणाच्या कचेरीने जुने मोडीत काढले त्यातला एक घरी आला. आमच्या जेसल पार्कात खाडीकडच्या इमारतींतून फिरलो तर दर दोन-चार घरांमागे एक लॅपटॉप दिसतो. कॉलेजात जाणारे मूल त्यावर अभ्यास करते, धाकटे चित्रे पाहते आणि वडील पगाराची स्लिप काढतात.

या लॅपटॉपांची एक तक्रार वरचेवर कानावर येते. पडद्यावरचा बाण जागेवर थांबत नाही. बोट इकडे फिरवावे तर तो तिकडे जातो. मध्येच थरथरतो, कोपऱ्यात जाऊन बसतो, न दाबता काहीतरी दाबले जाते. एक आजी म्हणाल्या, "अरे, उंदीर पिसाळला वाटतं तुमचा!" हसण्यावारी नेण्यासारखे वाटते, पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी हे झाले की हसू येत नाही. महाडीबीटीवर अर्ज भरताना एका मुलीचे असेच झाले. जिल्ह्यांची यादी उघडून ती ठाणे निवडायला गेली, बाण एक ओळ घसरला आणि वर्धा निवडले गेले. वडिलांच्या उत्पन्नाचे आकडे टाइप करता करता अर्धे आकडे शेजारच्या रकान्यात पडले. तिने अर्ज पाठवण्याआधी वाचून पाहिला म्हणून बरे. आकडा चुकला की अर्ज परत येतो, आणि परत आलेला अर्ज दुरुस्त करायला किती हेलपाटे पडतात हे आम्हा कारकून मंडळींना चांगले ठाऊक आहे.

अशा वेळी लोक सरळ दुकान गाठतात. काही दुकानदार प्रामाणिक असतात, काही नसतात. "मदरबोर्ड गेला" हे दोन शब्द ऐकून पाच-सात हजार मोजून आलेली माणसे मला माहीत आहेत. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरीच काय पाहावे ते आज लिहितो. यातल्या बहुतेक तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

पहिली गोष्ट, चार्जर काढा. लॅपटॉप बॅटरीवर चालू ठेवून पाच मिनिटे वापरा. बाण शहाण्यासारखा वागू लागला तर लॅपटॉप बहुधा ठीक आहे, दोष चार्जरचा किंवा भिंतीतल्या विजेचा आहे. हे कसे, ते समजून घ्या. टचपॅड म्हणजे ज्या गुळगुळीत चौकोनावर आपण बोट फिरवतो तो भाग. त्याच्या आत बारीक वाहक रेषांची जाळी असते. आपल्या शरीरातून वीज जाऊ शकते, त्यामुळे बोट जवळ आले की जाळीवरच्या विद्युतभारात अगदी सूक्ष्म फरक पडतो. आतली चिप हा फरक सेकंदात कितीतरी वेळा मोजते आणि बोट कुठे आहे ते ठरवते. इतके नाजूक मोजमाप आहे! त्यात बाहेरून विजेचा गोंगाट शिरला तर चिपला बोट एका जागी न दिसता चार जागी दिसते आणि बाण उड्या मारू लागतो.

हा गोंगाट येतो कुठून? भिंतीतली वीज 230 व्होल्टची. चार्जर तिचे साधारण 19-20 व्होल्ट करतो. हे करताना थोडासा प्रवाह पाझरतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये तो जमिनीत जाण्यासाठी तिसरी पिन दिलेली असते, तीच अर्थिंग. आपल्याकडच्या प्लगमध्ये ही पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते, ती उगाच नव्हे. ती सॉकेटमध्ये सर्वांत आधी लागावी आणि सर्वांत शेवटी सुटावी यासाठी. पण आपण काय करतो? भिंतीत दोन भोकांचा सॉकेट, म्हणून दहा-वीस रुपयांचा जोड लावून तिसरी पिन अधांतरी सोडतो. किंवा सॉकेट तीन भोकांचा दिसतो, पण त्याच्या मागे हिरवी तार जोडलेलीच नसते. जुन्या इमारतींत हे फार. मग पाझरलेला प्रवाह लॅपटॉपच्या अंगावर राहतो. धातूच्या भागावर मनगट टेकले की बारीक झिणझिण्या येतात, त्या याच. झिणझिण्या येत असतील आणि चार्जर लावल्यावरच बाण पळत असेल, तर कारण जवळजवळ सापडलेच म्हणा.

तीन पिनांचा चार्जर थेट तीन पिनांच्या चांगल्या सॉकेटमध्ये लावून पाहा. शेजाऱ्यांकडे किंवा कचेरीत नेऊन लावून पाहिला तरी चालेल. तिथे नीट चालला तर घरातले अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. इथे एक धोक्याची सूचना देतो. काही अर्धवट कारागीर सॉकेटच्या आतच न्यूट्रलची तार अर्थिंगच्या भोकाला जोडून देतात आणि "झाले अर्थिंग" म्हणतात. हे जिवावरचे काम आहे. न्यूट्रलची तार कुठे तुटली तर फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप, ज्याला ज्याला धातूचे अंग आहे त्यात पूर्ण वीज उतरते. असे कुणी करू लागला तर त्याला थांबवा. नळाच्या पाइपालाही तार बांधू देऊ नका. लॅपटॉपच्या बाणापेक्षा घरातल्या लेकरांसाठी हे आधी पाहा. आपण खाडीकाठी राहतो. खाऱ्या दमट हवेत तांब्यापितळेवर हिरवट थर चढतो, जोड सैल होतात, त्यामुळे एकदा केलेले अर्थिंग जन्मभर टिकेल असे धरून चालू नये.

सॉकेट चांगला असूनही चार्जर लावल्यावर बाण पळत असेल तर चार्जर बदलून पाहा. स्वस्तातल्या नकली चार्जरमध्ये गोंगाट गाळणारे भाग कमी दर्जाचे असतात. मात्र दुसऱ्याचा चार्जर लावताना त्यावरचे व्होल्टचे आकडे आपल्या चार्जरशी जुळतात का ते वाचा.

आता बॅटरीकडे येऊ. आजच्या पातळ लॅपटॉपांत बॅटरी बऱ्याचदा टचपॅडच्या खालीच असते. बॅटरी जुनी झाली, सतत तापत राहिली की तिच्यात वायू साठून ती फुगते आणि खालून टचपॅडला ढुशी देते. मग टचपॅड दाबला जात नाही किंवा आपोआप दाबला जातो. पाहायचे असे की लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. तो डगमगतो का? टचपॅडचा भाग वर उचललेला आहे का? झाकण पूर्वीसारखे मिटते का? यातले काही दिसले तर बाण बाजूला राहू द्या. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पुन्हा चार्जिंगला लावू नका. फुगलेला भाग दाबून बसवू नका, टोचू तर मुळीच नका. लिथियमच्या बॅटरीला भोक पडले तर ती पेट घेते. गादीवर, उशीवर ठेवू नका. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात न्या. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. 2022 सालच्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आणि आणणाऱ्यांवर टाकलेली आहे. तुमचा डबा रिकामा करणाऱ्या सफाई कामगाराच्या हातात ती जाऊ नये, हे तर आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

हातही पाहा. पावसाळ्यात बोटे ओलसर असतात, मे महिन्यात घामेजलेली. घाम म्हणजे खारे पाणी, त्यातून वीज जाते, आणि टचपॅडला तोही बोटासारखाच भासतो. भांडी घासून तशाच ओल्या हाताने ताई मुलाला काही दाखवायला गेल्या की बाण नाचणारच. लॅपटॉप बंद करून किंचित ओलसर केलेल्या मऊ फडक्याने टचपॅड पुसा, मग कोरडा करा. फवारा थेट मारू नका.

टाइप करताना अक्षरे भलत्या ओळीत जातात, हा मात्र निराळा प्रकार. त्यात यंत्राचा दोष नसतो. अंगठ्याच्या खालचा तळवा टचपॅडला लागतो आणि यंत्राला वाटते की आपण टिचकी मारली. यावर उपाय सेटिंग्जमध्ये आहे. टचपॅडच्या पानावर सेन्सिटिव्हिटी नावाची यादी असते, तिच्यात लो निवडा. टिचकीने निवडण्याची सोय बंद केली तरी चालते. वेगळा माउस लावला असेल तर त्याच पानावर, माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायचा की नाही, तेही ठरवता येते. बऱ्याच लॅपटॉपांत वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणावर टचपॅडचे छोटे चित्र असते. एफएन आणि ते बटण मिळून दाबले की टचपॅड बंद होतो. मुलांनी चुकून तेच दाबलेले असते आणि आपण दुकान गाठतो, असेही घडते.

कचेऱ्यांतून मोडीत निघालेल्या थिंकपॅड लॅपटॉपांत अक्षरांच्या मध्ये एक लाल टिकली असते. आयबीएम कंपनीने ती 1992 साली पहिल्या थिंकपॅड लॅपटॉपांत आणली. या टिकलीवर बोट बराच वेळ नुसते टेकवून ठेवले तर बोट काढल्यावर बाण आपोआप एका बाजूला सरकत जातो. घाबरू नका. चार-पाच सेकंद हात लावू नका, ती आपले मोजमाप पुन्हा जुळवून घेते.

वेगळा माउस पळत असेल तर तो उलटा करा. आजच्या माउसच्या पोटात एक दिवा आणि बारीकसा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारांवर फोटो काढतो आणि एका फोटोवरून दुसऱ्याकडे किती सरकलो ते मोजतो. चकचकीत सनमायका किंवा टेबलावरची काच असेल तर त्याला खुणाच सापडत नाहीत. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा उलटा करून खाली ठेवा, काम होते. कॅमेऱ्याच्या भोकात केस अडकला असेल तर फुंकून काढा. बिनतारी माउसचा सेल बदलून पाहा, आणि त्याची टिकली पेनड्राइव्हच्या अगदी शेजारी लावली असेल तर दुसऱ्या बाजूला लावा. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी 1964 साली अमेरिकेत बनवलेला पहिला माउस लाकडाचा होता, त्याला खाली दोन चाके होती. केस त्यातही अडकत असतील!

एवढे करूनही फरक नसेल तर टचपॅड बंद करून तारेचा साधा माउस लावा. दोन-तीनशे रुपयांत येतो, शेजाऱ्यांकडून तासाभरासाठी मागितला तरी चालतो. बाण नीट चालला तर दोष टचपॅडचा, बाकी यंत्र चांगले आहे. हे तुम्हाला ठाऊक असले की दुकानदार मदरबोर्डचे नाव घेणार नाही. टचपॅड बदलायचा खर्च परवडत नसेल तर तो कायमचा बंद ठेवून माउसवर वर्षे काढता येतात. लॅपटॉपचा पडदा बोटाने चालणारा असेल आणि त्याला तडा गेला असेल, तर तो तडाच बोटासारखा वागतो. मग पडद्याची स्पर्शाची सोय डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करावी लागते. ड्रायव्हर नावाची प्रणाली बिघडण्याचीही शक्यता असते, विशेषतः विंडोजचे अपडेट झाल्या दिवसापासून त्रास सुरू झाला असेल तर. ती लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलची घ्यावी. फुकट दुरुस्ती करून देतो म्हणणारे जाहिरातीतले प्रोग्राम घेऊ नयेत.

दुरुस्तीला द्यावाच लागला तर आधी खर्च लिहून घ्या आणि नंतर पक्के बिल मागा. बिल असेल तर फसवणुकीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर करता येते.

अर्जाची मुदत आजच संपत असेल तर बाणावाचूनही काम होते. टॅब दाबला की पुढचा रकाना, शिफ्ट आणि टॅब दाबले की मागचा. यादीत खाली-वरच्या बाणबटणांनी फिरा, चौकोनात खूण करायला स्पेस, बटण दाबायला एंटर. ज्या मुलीचे वर्ध्याचे झाले होते तिने उरलेला अख्खा अर्ज असाच भरला. आता तिला बाणाने भरायचा कंटाळा येतो म्हणे.

एक प्रकार मात्र यंत्राच्या बिघाडाचा नसतो. बिघडलेला बाण थरथरतो, भरकटतो. पण बाण सरळ, ठरवल्यासारखा जात असेल, बँकेचे पान उघडत असेल, पेट्या बंद-चालू करत असेल, तर दुसरीकडे बसलेला माणूस तुमचा लॅपटॉप चालवतो आहे असे समजा. आधी कुणाचा फोन आला होता का, "केवायसी करून देतो", "रिफंड देतो" म्हणून त्याने एनीडेस्कसारखा प्रोग्राम घालायला लावला होता का, ते घरात विचारा. मुले रागाच्या भीतीने सांगत नाहीत, तेव्हा न ओरडता विचारा. त्या क्षणी वाय-फाय किंवा मोबाइलचे हॉटस्पॉट बंद करा. चालू-बंदचे बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन लावा. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे 2020 सालापासून मीरा-भाईंदर, वसई-विरारचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, त्यांची सायबर शाखा आहे, तिथेही लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

जुना लॅपटॉप विकत घेताना दुकानातच काय काय तपासावे, ते पुढच्या आठवड्यात पाहू.