अध्यक्षाचा जोडीदार : लाभ कोणाचा, हानी कोणाची ?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर चार वर्षांनी अध्यक्षाची निवडणूक होते आणि प्रत्येक खेपेस एका प्रश्नाचा मोठा गाजावाजा होतो. पक्षाने अध्यक्षपदासाठी उभा केलेला उमेदवार उपाध्यक्षपदासाठी आपल्या जोडीला कोणास घेणार ? मतदारास या दोघांपैकी एकास घेऊन दुसऱ्यास टाळता येत नाही. दोघांस मिळून एकच मत पडते. या सहउमेदवारास तिकडे 'रनिंग मेट' म्हणतात. शब्द घोड्यांच्या शर्यतीतला आहे आणि त्यामागील हिशेबही शर्यतीचाच असतो. अमका जोडीला घेतला तर किती मते वाढतील आणि तमका घेतला तर किती घटतील, एवढेच पाहिले जाते. २०२४ साली कमला हॅरिस यांनी मिनेसोटाचे राज्यपाल टिम वॉल्झ यांची आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी ओहायोचे सेनेटर जे. डी. व्हान्स यांची निवड केली, तेव्हाही हाच हिशेब मांडला गेला.

हा हिशेब खरा की खोटा, हे अवश्य तपासावे. परंतु ज्या समाजांचे हक्क राज्यकर्त्याच्या एका सहीने मिळतात किंवा जातात, त्यांनी तो तपासताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. निवडणुकीनंतर मतांचे आकडे लोक विसरून जातात, परंतु तो माणूस मात्र अध्यक्षाच्या खुर्चीजवळ राहतो. आजवर नऊ वेळा अमेरिकेचा उपाध्यक्ष मुदतीच्या मध्येच अध्यक्ष झाला आहे. आठ वेळा अध्यक्षाच्या मृत्यूमुळे आणि एकदा, १९७४ साली, निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे.

प्रथम मतांचाच हिशेब घेऊ. सहउमेदवार निदान आपले स्वतःचे राज्य तरी जिंकून देतो, अशी पक्षांच्या धुरीणांची जुनी समजूत आहे. २००४ साली जॉन केरी यांनी उत्तर कॅरोलिनाचे जॉन एडवर्ड्स यांना बरोबर घेतले आणि ते राज्य गमावले. २०१२ साली मिट रॉम्नी यांनी विस्कॉन्सिनचे पॉल रायन यांना घेतले. तेही राज्य हातचे गेले. १९८४ साली वॉल्टर माँडेल यांनी जेराल्डिन फेरारो यांची निवड केली. मोठ्या पक्षाने एका स्त्रीस या पदासाठी उभे करण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. स्त्रियांची मते एकवटतील अशी आशा होती. प्रत्यक्षात बहुसंख्य स्त्रियांनीही रेगन यांनाच मते दिली आणि माँडेल पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्यांत पराभूत झाले. क्रिस्टोफर डिव्हाइन आणि कायल कॉप्को या दोन अभ्यासकांनी या विषयाचा कसून धांडोळा घेतला आहे. सहउमेदवारामुळे थेट मिळणारी मते थोडीच असतात. मतदार त्याच्याकडे पाहून अध्यक्षपदाच्या उमेदवाराची विवेकबुद्धी जोखतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

१९७२ सालची गोष्ट या म्हणण्यास पुष्टी देते. जॉर्ज मॅक्गव्हर्न यांनी निवडलेले टॉमस ईगल्टन यांनी पूर्वी मानसिक आजारासाठी विजेच्या धक्क्यांचे उपचार घेतले होते, हे उघडकीस आले. मॅक्गव्हर्न यांनी प्रथम आपण त्यांच्या पूर्ण पाठीशी आहोत असे जाहीर केले, आणि थोड्याच दिवसांत त्यांना उमेदवारी सोडावयास लावले. ईगल्टन यांची उमेदवारी अवघी अठरा दिवस टिकली. लोकांच्या मनात राहिला तो ईगल्टन यांचा आजार नव्हे, तर मॅक्गव्हर्न यांचे डळमळणे.

आमच्या दृष्टीने याहून बोलके उदाहरण १९८८ सालचे आहे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकांत जेसी जॅक्सन या कृष्णवर्णीय पुढाऱ्यास सत्तर लाखांच्या आसपास मते पडली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. तरीही उमेदवार मायकेल ड्युकाकिस यांनी जोडीला घेतले ते टेक्ससचे लॉइड बेंट्सन यांना. ही निवड आपल्याला डावलून झाली, हे जॅक्सन यांना कळले तेही एका बातमीदाराकडून ! बेंट्सन का, तर टेक्सस मिळावे म्हणून. टेक्सस मिळाले नाही. वादसभेत बेंट्सन यांनी प्रतिपक्षाच्या डॅन क्वेल यांना असे निरुत्तर केले की तो प्रसंग आजही सांगितला जातो. परंतु चाळीस राज्ये जिंकून उपाध्यक्ष झाले ते क्वेलच. उत्तम जोडीदाराने तारले नाही आणि ज्याची थट्टा झाली त्याने बुडविले नाही. मग सत्तर लाख मतांच्या धन्यास बाजूस सारून ड्युकाकिस यांनी काय साधले ? ज्यांची मते कोठेही जाणार नाहीत अशी पक्षाची खात्री असते, त्यांना जोडीदार निवडताना कोणी विचारीत नाही. ही रीत आपल्याकडील मतदारास अपरिचित नाही.

सहउमेदवाराने निवडणूक खरोखर फिरविली असे म्हणावयाचे झाले तर १९६० सालाकडे बोट दाखविले जाते. जॉन केनेडी यांनी टेक्ससचे लिंडन जॉन्सन यांना घेतले, आणि टेक्सस सुमारे ४६,००० मतांनी जिंकले. तथापि येथेही आकडे नीट पाहावेत. केनेडी यांना ३०३ निर्वाचक मते मिळाली, बहुमतास २६९ पुरेशी होती आणि टेक्ससची होती २४. एकटे टेक्सस गेले असते तरी केनेडी अध्यक्ष झाले असते. परंतु जॉन्सन यांच्यावाचून उत्तर कॅरोलिनाची १४ मतेही गेली असती, तर बहुमत उरले नसते. म्हणजे लाभ झाला, असे मानण्यास जागा आहे.

त्याच निवडणुकीत निक्सन यांचे सहउमेदवार हेन्री कॅबट लॉज यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जाऊन आश्वासन दिले की, निक्सन यांच्या मंत्रिमंडळात एक कृष्णवर्णीय मंत्री असेल. निक्सन यांनी ते उचलून धरले नाही. लॉज यांनाही मागे सरावे लागले. दक्षिणेतील गोरे त्या आश्वासनाने रुष्ट झाले आणि कृष्णवर्णीय त्या माघारीने. उलट केनेडी यांनी, मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात असता, त्यांच्या पत्नीस दूरध्वनी करून विचारपूस केली, आणि तेवढ्याने अनेक कृष्णवर्णीयांची मने वळली. यात जोडीदाराचा काही संबंध नव्हता.

येथवर पाहिला तो निवडणुकीचा जमाखर्च झाला. आता ज्यांनी त्याची खरी किंमत मोजली, त्यांच्याकडे वळू.

१८६४ साली यादवी युद्ध चालू असता अब्राहम लिंकन दुसऱ्यांदा उभे राहिले. त्यांचे पहिले उपाध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन हे गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. युद्धाला अनुकूल असलेल्या विरोधी पक्षीयांची मते मिळावीत म्हणून पक्षाने त्यांना वगळले आणि टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन यांना घेतले. फुटून निघालेल्या राज्यांपैकी सेनेटमधील आपली जागा न सोडणारे ते एकटेच सेनेटर. म्हणून त्यांच्या देशनिष्ठेचा गौरव झाला. पण देशनिष्ठा निराळी आणि मनुष्याच्या समतेवरील निष्ठा निराळी, हा विवेक त्या वेळी कोणी केला नाही. आणि मतांचा लाभ तरी किती झाला ? ऑगस्टमध्ये लिंकन यांना स्वतःच्या पराभवाची भीती वाटत होती. सप्टेंबरात अटलांटा शहर पडले आणि वारे फिरले. लिंकन २१२ विरुद्ध २१ निर्वाचक मतांनी विजयी झाले. जॉन्सन यांच्या टेनेसीची मते तर काँग्रेसने मोजलीच नाहीत.

४ मार्च १८६५ रोजी शपथविधी झाला. लिंकन यांनी जमावातील फ्रेडरिक डग्लस यांच्याकडे जॉन्सन यांचे लक्ष वेधले, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर प्रथम उमटला तो तिरस्कार, असे डग्लस यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे. हा मनुष्य आपल्या लोकांचा मित्र नव्हे, हे या एकेकाळच्या गुलामाने एका दृष्टिक्षेपात ओळखले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी लिंकन यांचा खून झाला आणि हाच मनुष्य अध्यक्ष झाला.

पुढे जे घडले ते आपल्या वाचकांनी सावकाश वाचावे. युद्ध संपत आले असता जनरल शर्मन यांनी दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया व फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील सुमारे चार लक्ष एकर जमीन मुक्त झालेल्या गुलामांसाठी राखून ठेवली होती, आणि सुमारे चाळीस हजार लोक तेथे नांगर धरून वसले होते. अध्यक्ष जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना क्षमा केली आणि जमिनी त्यांना परत करविल्या. दास्यमुक्तांच्या खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांना ऑक्टोबर १८६५ मध्ये एडिस्टो बेटावरील चर्चमध्ये जाऊन, ही जमीन तुमची नाही, हे त्या लोकांस सांगावे लागले. सभेत प्रथम गलका झाला, मग एका स्त्रीने दुःखाचे गीत म्हणावयास आरंभ केला, असे हॉवर्ड यांनी लिहून ठेवले आहे. त्या लोकांनी अध्यक्षांकडे अर्ज केला. व्यर्थ. जो आपल्या घामाने पिकवितो त्याच्या हातून शेत काढून घेतले म्हणजे काय होते, हे महार वतनाच्या जमिनी कसलेल्या घरांना आम्ही समजावून सांगावयास नको.

१८६६ साली जॉन्सन यांनी दास्यमुक्तांच्या खात्याची मुदत वाढविणारे विधेयक नाकारले. नागरी हक्कांचे विधेयकही नाकारले. काँग्रेसने ते दुसरे विधेयक त्यांच्या डोक्यावरून संमत केले. १८६८ साली त्यांच्यावर महाभियोग चालला आणि ते एका मताने वाचले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तिदात्यांना अर्पण केला, तेव्हा दक्षिणेतील कृष्णवर्णीय मतदान करीत होते व त्यांचे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये बसत होते. परंतु ते जॉन्सन यांना न जुमानता घडले होते. गेलेली जमीन मात्र परत मिळाली नाही.

येथे आपल्या राज्यघटनेतील एक भेद सांगितला पाहिजे. भारतात राष्ट्रपतीचे पद मध्येच रिकामे झाले तर उपराष्ट्रपती केवळ तात्पुरता कारभार पाहतो आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. १९६९ साली झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर व्ही. व्ही. गिरी यांनी असाच कारभार पाहिला. अमेरिकेत मात्र उरलेली सर्व मुदत उपाध्यक्षाची होते. अँड्र्यू जॉन्सन यांना ती चार वर्षांना थोडी कमी, एवढी लाभली.

तर मग दक्षिणेचा मनुष्य जोडीला घेऊच नये, असे म्हणावे काय ? तसेही नाही. १८५० साली टेलर वारले आणि न्यूयॉर्कचे फिलमोर अध्यक्ष झाले. दक्षिणेच्या टेलर यांना उत्तरेची जोड हवी म्हणूनच त्यांना घेतले होते; आणि पळालेल्या गुलामांना धरून धन्याच्या स्वाधीन करण्याच्या कायद्यावर सही केली ती याच उत्तरेच्या गृहस्थाने. उलट २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडी यांचा खून झाल्यावर अध्यक्ष झालेले दुसरे जॉन्सन टेक्ससचे होते. १९६० साली त्यांचे नाव येताच नागरी हक्कांचे पुरस्कर्ते व कामगार पुढारी संतापले होते, आणि तो संताप अकारण नव्हता. काँग्रेसमध्ये प्रारंभीची अनेक वर्षे ते नागरी हक्कांच्या विधेयकांविरुद्ध मत देत आले होते. त्याच जॉन्सन यांनी २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांच्या कायद्यावर आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्काच्या कायद्यावर सही केली.

दोघे जॉन्सन दक्षिणेचे, दोघेही तिकिटाचा समतोल साधण्यासाठी घेतलेले, दोघांनाही अध्यक्षपद मिळाले ते खून झाल्यामुळे. मग एकाने हक्क हिरावले आणि दुसऱ्याने दिले, हे का ? स्वभावाचा भाग त्यात आहेच; सेनेटला वाकविण्याची हातोटी लिंडन जॉन्सन यांच्यापाशी होती तशी क्वचितच कोणापाशी असेल. परंतु आमच्या मते मुख्य कारण निराळे आहे. १८६५ साली दक्षिणेतील मुक्त गुलामांना मत नव्हते, संघटना नव्हती, अर्ज करण्यापलीकडे उपाय नव्हता. १९६३ साली बर्मिंगहॅमचे रस्ते सत्याग्रहींनी भरले होते, वॉशिंग्टनला सुमारे अडीच लाख लोक जमले होते, आणि १९६५ साली सेल्माच्या पुलावर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या ते पुनः त्याच पुलावरून पुढे गेले. दुसऱ्या जॉन्सन यांना या लोकांकडे पाठ फिरविणे शक्य नव्हते.

तरीही पाठ फिरविण्याचा प्रयत्न झालाच, आणि तोही याच उपाध्यक्षपदाच्या निमित्ताने. ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटीच्या पक्षाधिवेशनात मिसिसिपीहून दोन शिष्टमंडळे आली. एक निव्वळ गोऱ्यांचे, दुसरे मताचा हक्क नाकारलेल्या कृष्णवर्णीयांनी उभारलेल्या नव्या पक्षाचे. दुसऱ्यात फॅनी लू हेमर होत्या. मतदार म्हणून नाव नोंदवावयास गेल्या म्हणून त्यांना मळ्यावरून हाकलले होते, पुढे तुरुंगात मारहाणही झाली होती. दक्षिणेची गोरी मते बिथरू नयेत म्हणून जॉन्सन यांनी तडजोड घडविण्याचे काम ह्यूबर्ट हंफ्रे यांच्यावर सोपविले, आणि त्यांचे उपाध्यक्षपद या कामगिरीवर अवलंबून आहे, हे जाणकारांना दिसत होते. १९४८ साली नागरी हक्कांसाठी गर्जना करणारे हेच हंफ्रे आता त्या लोकांना केवळ दोन जागा देऊ करीत होते. त्या लोकांनी त्या नाकारल्या. हंफ्रे यांना उमेदवारी मिळाली. जॉन्सन यांनी चव्वेचाळीस राज्ये जिंकली, आणि ती हंफ्रे यांच्यावाचूनही जिंकली असती.

त्या तडजोडीत एक कलम असे होते की, यापुढे वर्णभेद करणाऱ्या शिष्टमंडळास अधिवेशनात प्रवेश मिळणार नाही. १९६८ साली शिकागोस हंफ्रे अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून निवडले गेले, तेव्हा मिसिसिपीच्या जुन्या शिष्टमंडळास दाराबाहेर राहावे लागले आणि फॅनी लू हेमर आत, प्रतिनिधीच्या जागेवर बसल्या होत्या.